व्यसनी मनुष्यास विष कोणीं द्यावें?

व्यसनी मनुष्यास त्याच्या व्यसनाचा पदार्थ सरकारच्या देखरेखीखालीं, वैद्याच्या हातून, मोजून द्यावा असें कोणी म्हणतांच सभ्य गृहस्थाच्या कपाळास आठी पडावी हें स्वाभाविक आहे. ज्या समाजांत चहाच्या पेल्यासहि आजीबाई एके काळीं व्यसन म्हणत आणि ज्याच्या दोन पिढ्या दारूबंदीचीं व्याख्यानें ऐकण्यांत खर्ची पडल्या, त्या समाजापुढें हेरॉइनच्या डॉक्टरी पुरवठ्याचा विषय मांडणें म्हणजे एकादशीच्या दिवशीं ओसरीवर बसून कांदा चिरण्यासारखें आहे. तथापि हा विषय आम्हीं हौसेनें हातीं घेतलेला नाहीं. हेरॉइन म्हणजे अफूपासून काढलेल्या मॉर्फिनचें अधिक उग्र रूप. त्याचेंच अशुद्ध चूर्ण आमच्याकडे १९८० नंतरच्या दशकांत 'गर्द' या नांवानें घरोघर माहीत झालें. या पदार्थाच्या अट्टल व्यसन्यास तो नियमानें पुरविल्यास त्याचें नुकसान कमी होतें कीं वाढतें, हा प्रश्न निव्वळ नीतीचा आहे असें समजून आमच्यांतील बहुतेक सुशिक्षित लोक त्याचें उत्तर आधींच देऊन मोकळे होतात. आमच्या मतें तो प्रथमतः वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि तिचा निर्णय करण्याइतका पुरावा गेल्या तीस वर्षांत जगापुढें आला आहे. तो पाहिल्यावर नीतीचें म्हणणेंहि आम्ही आदरानें ऐकूं. परंतु साक्षी तपासण्यापूर्वीं निकाल देण्याचा अधिकार प्रत्यक्ष नीतिदेवतेसहि नाहीं.

पुराव्याचा आरंभ स्वित्झर्लंडपासून करणें सोयीचें आहे. कारण घड्याळें, पेढ्या आणि टापटीप यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या देशावर बेशिस्तीचा आरोप त्याचा शत्रूहि करणार नाहीं. झुरिक शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकाच्या पाठीमागें, राष्ट्रीय संग्रहालयास लागून, झील व लिमाट या नद्यांच्या संगमावर 'प्लाट्झश्पिट्झ' नांवाचें एक जुनें उद्यान आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें हेरॉइनचा उघड बाजार भरूं लागला. शहरभर पसरण्यापेक्षां तो एके ठिकाणीं असलेला बरा, अशा विचारानें अधिकाऱ्यांनीं त्याकडे काणाडोळा केला. भरदिवसां शेंकडों तरुण स्त्रीपुरुष त्या हिरवळीवर एकमेकांच्या सुया घेऊन दंडांत टोचीत. कांहीं डॉक्टर व स्वयंसेवक तेथेंच राहून स्वच्छ सुया वाटीत आणि श्वास थांबलेल्यांस शुद्धीवर आणीत. एड्सच्या विषाणूचा प्रसार पश्चिम युरोपांतील ज्या देशांत फार होता, त्यांत या देशाची गणना होऊं लागली. शेवटीं ५ फेब्रुवारी १९९२ रोजीं उद्यानाच्या फाटकास कुलूप लागलें. पण तल्लफेस कुलूप लागलें नाहीं. बाजार उठला तो थोड्याच अंतरावरील लेटन या वापरांत नसलेल्या रेल्वेस्थानकावर जाऊन बसला.

फेब्रुवारी १९९५ मध्यें लेटनचाहि बाजार मोडण्यांत आला, आणि या वेळीं मात्र तो पुन्हां तसा उभा राहिला नाहीं. दोन्ही प्रसंगीं पोलीस होतेच. मग फरक कोठें पडला? मधल्या काळांत त्या देशानें प्रतिबंध, उपचार, हानि-निवारण आणि पोलिसी बंदोबस्त अशा चार खांबांवर आपलें धोरण उभें केलें होतें. हेरॉइनच्या ऐवजीं तोंडानें घ्यावयाचें मेथाडोन हें औषध पुष्कळांस मिळूं लागलें होतें. आणि १९९४ च्या आरंभापासून, ज्यांस कोणताहि उपचार लागू पडला नाहीं अशा निवडक रोग्यांस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष हेरॉइन देण्याचा शास्त्रीय प्रयोगहि चालू झाला होता. दुसऱ्या खेपेस बाजारांतून हुसकावलेल्या मनुष्यास जावयास एक दार उघडें होतें. पहिल्या खेपेस तें नव्हतें.

या दाराच्या आंत काय चालतें तें नीट समजून घेतल्यावांचून त्यावर मत देणें योग्य नव्हे. तेथें सोळा वर्षांच्या मुलास मागितली कीं पुडी मिळत नाहीं. रोगी सज्ञान हवा. त्याचें व्यसन वर्षानुवर्षांचें हवें. इतर उपचार करून ते फसलेले हवेत. अशा मनुष्याची नोंद होते, डॉक्टर त्याची मात्रा ठरवितात, आणि तो दिवसांतून दोन-तीन वेळां दवाखान्यांत येतो. परिचारिका मोजलेलें शुद्ध औषध व नवी सुई त्याच्यापुढें ठेवते. तिच्या नजरेसमोर तो टोचून घेतो. कांहीं वेळ बसतो आणि कामास जातो. ज्या प्रयोगाविषयीं आम्ही बोलत आहों त्याची मूळ अटच ही, कीं टोचावयाची मात्रा बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं. त्याच दवाखान्यांत त्याची कावीळ तपासली जाते, जखमा धुतल्या जातात, घराची व नोकरीची विचारपूस होते. रात्रंदिवस पुडीच्या पाठीमागें धांवणाऱ्या मनुष्यास वर्षानुवर्षांत प्रथमच दुपारचा वेळ रिकामा सांपडतो, आणि त्या रिकाम्या वेळांत त्याच्याशीं कोणीतरी बोलूं शकतें.

पहिल्या तीन वर्षांत एक हजाराहून अधिक रोगी या प्रयोगांत आले. त्यांची प्रकृति सुधारली, चोऱ्या व इतर गुन्हे घटले, बेघरांचें प्रमाण कमी झालें असें त्यावरील अहवालांत नमूद झालें. 'हे तर पुरस्कर्त्यांचेच अहवाल' असें कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणून दुसऱ्या देशाची साक्ष घेऊं. कॅनडांतील व्हँकूव्हर व माँट्रियल या शहरांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें रोग्यांचे गट पाडून कांहींस मेथाडोन व कांहींस हेरॉइन देण्यांत आलें. या प्रयोगाचा वृत्तांत २००९ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर मेथाडोनच्या गटांतील शेंकडा ५४ रोगी उपचारांत टिकून होते, तर हेरॉइनच्या गटांतील शेंकडा ८८. बाहेरील मादक पदार्थांचें सेवन किंवा इतर बेकायदा वर्तन कमी होण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ४८ व ६७ असें भरलें. हेरॉइनच्या गटांत दहा जणांस अतिमात्रेची बाधा झाली व सहा जणांस आंचके आले, हेंहि त्याच वृत्तांतांत लिहिलें आहे आणि तें आम्ही लपवीत नाहीं. पदार्थ घातक आहे हें आम्हांस मान्यच आहे. तो श्वास थांबवूं शकतो म्हणूनच, तो घेणाराच्या शेजारीं श्वास चालू करणारें माणूस असावें असें आमचें म्हणणें.

येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. व्यसन्याची जी दुर्दशा आपण रस्त्यावर पाहतों ती सगळी त्या पदार्थानें केलेली नसते. मद्य जसें यकृत पोखरतें तसें शुद्ध व मोजक्या मात्रेंतील हेरॉइन पोखरीत नाहीं. बद्धकोष्ठ, सुस्ती आणि दीर्घकाळची गुलामगिरी हे त्याचे स्वतःचे दोष, आणि मात्रा चुकल्यास श्वासावरोध हा त्याचा प्राणघातक दोष. परंतु पुडींत हेरॉइन किती आणि भेसळ किती हें माहीत नसल्यामुळें मात्रा चुकणें, दुसऱ्याच्या सुईनें काविळीचे व एड्सचे विषाणू रक्तांत जाणें, पुडीसाठीं आईच्या बांगड्या मोडणें, स्वतःचें शरीर विकणें, तुरुंगांत सडणें, हे दोष पदार्थाचे नव्हेत. ते तो ज्या बाजारांतून येतो त्या बाजाराचे आहेत. वैद्याच्या हातून होणारा पुरवठा पहिल्या प्रकारचे दोष पुरते काढूं शकत नाहीं. दुसऱ्या प्रकारचे बव्हंशीं काढतो. आमच्या पक्षाचा सगळा दावा एवढाच आहे, आणि विरोधक त्याहून मोठा दावा आमच्या तोंडीं घालून त्याचें खंडन करीत बसतात.

आक्षेपांपैकीं सर्वांत वजनदार आक्षेप असा, कीं अशानें व्यसन पसरेल. आज एकास द्याल तर उद्यां शंभर जण रांगेंत उभे राहतील. झुरिकमध्यें काय घडलें? 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें त्या प्रदेशांत नव्यानें हेरॉइन घेऊं लागणारांची संख्या १९९० मध्यें ८५० होती, ती २००२ मध्यें १५० वर आली. ही घट केवळ दवाखान्यांमुळें झाली असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तरुणांच्या आवडीनिवडीहि बदलतात. पण पुरवठ्यानें व्यसन पसरतें हें भाकीत खोटें ठरलें एवढें त्यावरून निश्चित म्हणतां येतें. आणि त्याचें कारण समजणें कठीण नाहीं. जो पदार्थ एके काळीं बंडखोरीचें चिन्ह होता, तो घेण्यासाठीं आतां चाळिशी उलटलेलीं खंगलेलीं माणसें नोंदवही पुढें करून दवाखान्याच्या बाकावर बसलेलीं दिसूं लागलीं. ज्या गोष्टीस रांग, सही आणि परिचारिका लागते, तिच्यांत तरुणांस मोह वाटावा असें काय उरतें?

तरीहि हा आक्षेप पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कारण पुरवठ्यानें व्यसन पसरल्याचीं उदाहरणेंहि इतिहासांत आहेत, आणि तीं नाकारणारा मनुष्य आमच्या पक्षाचा मित्र नव्हे. इंग्लंडांत १९२६ सालच्या रोलस्टन समितीनें व्यसन्यास मॉर्फिन वा हेरॉइन लिहून देण्याची डॉक्टरांस मुभा दिली, आणि सुमारें चाळीस वर्षें ती व्यवस्था निर्वेध चालली. पुढें लंडनमधील मूठभर डॉक्टर हात सैल सोडून लिहूं लागले. १९६२ या एका वर्षांत एका डॉक्टरनें सुमारें सहा लाख गोळ्या लिहून दिल्याचें सरकारी समितीनें नमूद केलें. गोळ्या घरीं जात, तेथून बाजारांत जात. १९६८ पासून हा अधिकार परवानाधारक डॉक्टरांपुरता ठेवावा लागला. अमेरिकेंत १९९६ सालीं 'ऑक्सिकॉन्टिन' नांवाची अफूच्याच कुळांतील वेदनाशामक गोळी विक्रीस आली. तिच्या व्यसनाच्या धोक्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू कंपनीनें २००७ सालीं न्यायालयांत कबूल केला. पण तोंपर्यंत गांवेंच्या गांवें गोळीच्या आहारीं गेलीं होतीं. मग गोळी दुर्मिळ झाली तेव्हां तींच माणसें रस्त्यावरच्या हेरॉइनकडे व त्याहून कितीतरी जहाल अशा फेंटॅनिलकडे वळलीं, आणि २०२१ या एका सालीं त्या देशांत मादक पदार्थांच्या अतिमात्रेनें एक लाखाहून अधिक माणसें मेलीं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेंहि २०२० नंतर अशाच औषधांच्या गोळ्या घरीं नेण्यास दिल्या. त्या इतरांच्या हातीं जातात अशी ओरड झाली, आणि २०२५ सालीं तेथील सरकारनें देखरेखीखालींच औषध घेण्याचा नियम पुढें आणला.

या सर्व उदाहरणांवरून विरोधक 'पुरवठा वाईट' असा निष्कर्ष काढतात. आम्हांस त्यांत दुसरेंच सूत्र दिसतें. खप वाढला तर ज्याचा लाभ होतो त्याच्या हातीं पुरवठा गेला, किंवा दिलेली मात्रा कोठें जाते हें पाहणारें कोणी राहिलें नाहीं, कीं अनर्थ झाला. उलट ज्याचें काम रोगी जगविणें आहे त्याच्या हातीं पुरवठा राहिला आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब राहिला, तेथें हानि घटली. तेव्हां पुरवठा असावा कीं नसावा हा वाद अर्धवट आहे. पुरवठा आजहि आहे, अखंड आहे. फक्त तो अशा माणसाच्या हातीं आहे कीं ज्यास गिऱ्हाईक मेलें तरी दुसरें मिळतें. तो हात बदलावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

हें सूत्र महाराष्ट्रास परकें नाहीं. ज्या मुंबईच्या ऐश्वर्याचा आपण अभिमान बाळगतों, त्याच्या पायांत चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूच्या पेट्या पुरलेल्या आहेत. इंग्रजी राज्यांत अबकारी खात्याच्या परवान्यानें अफूचीं दुकानें चालत, त्या खपावर सरकारचा वसूल अवलंबून असे, आणि गिरणींत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची गोळी देऊन निजवीत. १८९३ सालीं नेमलेल्या शाही कमिशननें दोन वर्षांनीं त्या व्यापाराची बहुतेक पाठराखणच केली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनांत 'सरकार अफू देतें' या शब्दांविषयीं जी चीड आहे ती या अनुभवाची आहे आणि ती आम्हांस पूज्य वाटते. परंतु ती चीड ज्या सरकारवर आहे तें अफू विकीत होतें. जितकी खपेल तितका त्याचा वसूल वाढे. झुरिकच्या दवाखान्यास एकहि रोगी वाढला तर खर्च वाढतो. या दोन सरकारांस एकच माप लावणें म्हणजे खाटिकाच्या व शस्त्रवैद्याच्या हातीं सुरी दिसते म्हणून दोघांस एकाच ओळींत बसविण्यासारखें आहे.

'कायदा कडक करा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाहीं' असें म्हणणारांचा दुसरा वर्ग आहे. त्यांस आम्ही आमच्याच देशाचा दाखला देतों. मादक पदार्थांविषयींचा कडक कायदा भारतांत १९८५ सालीं झाला. त्याच्या धाकानें झालें काय? रुग्णालयांतून मॉर्फिन दिसेनासें झालें. कर्करोगानें तळमळणाऱ्या रोग्यास तें मिळवून देणें परवान्यांच्या जंजाळांत अशक्यप्राय होऊन बसलें, आणि तो पेंच सैल करण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. गर्द मात्र नाहींशी झाली नाहीं. २०१९ सालीं केंद्रीय सामाजिक न्याय खात्यासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या पाहणींत अफूच्या कुळांतील पदार्थ घेणारांची संख्या सुमारें सव्वादोन कोटि निघाली. त्यांत ज्यांस उपचाराची गरज आहे असे सुमारें ७७ लाख. आणि जुन्या ओळखीच्या अफूस मागें टाकून हेरॉइन पहिल्या क्रमांकावर आलेलें आढळलें. ज्या कायद्यानें मरणोन्मुख रोग्याचें औषध आवळलें आणि गल्लींतील विष मोकळें राहिलें, तो आणखी कडक केल्यानें काय होईल, हें त्या वर्गानें आम्हांस समजावून सांगावें.

येथें आमच्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख करणें आम्हांस प्राप्त आहे. तो टाळून हा लेख लिहिला तर तो अप्रामाणिक होईल. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी गर्दच्या नादीं लागला. त्याचे वडील, एक निवृत्त कारकून, सल्ला विचारावयास आमच्या घरीं आले. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, कीं पैसे बंद करा, दया दाखवूं नका, एखाद्या संस्थेंत ठेवा. शरीरांतून विष गेलें कीं मुलगा परत मिळेल. त्यांनीं अक्षरशः तसें केलें. मुलगा तीन महिने संस्थेंत राहिला, अंगानें भरून घरीं आला, आणि आठव्या दिवशीं रेल्वेच्या एका पडक्या खोलींत मेलेला सांपडला. व्यसन सुटलेलें शरीर जुनी मात्रा सहन करण्याची शक्ति गमावतें, आणि म्हणून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवसच सर्वांत घातक असतात, ही वैद्यकाला तेव्हांहि परिचित असलेली गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन नियमित घेणाऱ्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण तीं न घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनहि कमी असतें, हेंहि आम्हांस पुढें वाचून कळलें. संस्थेचा येथें दोष नाहीं. ठाऊक नसतांना ठाऊक असल्यासारखें बोललों, हा दोष आमचा.

त्यानंतर 'व्यसन सोडविणें हाच खरा उपचार' असें वाक्य आम्हांस पूर्वींसारखें सहज उच्चारतां येत नाहीं. तें सोडविण्याचे प्रयत्न करणाऱ्यांविषयीं आमचा आदर कमी झालेला नाहीं. १९८६ सालीं पुण्यास डॉक्टर अनिता अवचट यांनीं 'मुक्तांगण' सुरू केलें आणि अनिल अवचट यांनीं 'गर्द' या पुस्तकानें मराठी वाचकास खडबडून जागें केलें. त्या मार्गानें पुष्कळ माणसें घरीं परत आलीं आहेत. ज्यास तो मार्ग झेपतो त्यास दुसरा दाखविणें हा अपराध होईल. परंतु तीनदां, चारदां, पांचदां सोडून पुन्हां पडलेल्या मनुष्याचें काय? तो सुधारेपर्यंत जिवंत राहणें ही सुधारण्याची पहिली अट नव्हे काय? आपण मधुमेह्यास 'साखरेचा मोह जिंकल्यावर इन्सुलिन देऊं' असें सांगत नाहीं. हीं दोन दुखणीं सारखीं नाहींत, व्यसन्यानें पहिली पुडी स्वतःच्या हातानें घेतली, हें आम्ही कबूल करतों. पण पहिल्या पुडीच्या अपराधास देहान्त प्रायश्चित्त आहे असें कोणत्या स्मृतींत लिहिलें आहे?

'हे श्रीमंत देशांचे लाड, आपल्यास कसे परवडणार?' हा शेवटचा आक्षेप. खरें आहे; हेरॉइन देणारा दवाखाना खर्चाचा आहे, आणि खुद्द स्वित्झर्लंडांतहि तो थोड्यांसाठीं आहे; बहुसंख्यांचें काम मेथाडोनसारख्या स्वस्त औषधावर भागतें. पण तीं स्वस्त औषधें आपल्याकडे अपरिचित आहेत असें थोडेंच आहे? एड्स-नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमांत तीं कित्येक वर्षें दिलीं जात आहेत. पंजाबनें २०१७ च्या अखेरीस ब्युप्रेनॉर्फिन देणारे बाह्यरुग्ण दवाखाने उघडले. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही, कीं ज्या १९८५ च्या कायद्याचा सर्वांस धाक आहे, त्याच्याच ७१ व्या कलमानें सरकारनें केंद्रें काढावीं आणि तेथें नोंद झालेल्या व्यसन्यांस मादक पदार्थहि नियमांनुसार पुरवावे अशी स्पष्ट तरतूद करून ठेविली आहे. नीमच व गाझीपूर येथें सरकारचे स्वतःचे अफूचे कारखाने आहेत. कायदा आहे, माल आहे, वैद्य आहेत. नाहीं ती लोकलज्जा सोडण्याची हिंमत.

आमची मागणी मोठी नाहीं. प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयांत मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिन, नांवाचा बोभाटा न होतां, मिळावें. ज्यांस त्यानेंहि गुण येत नाहीं अशा थोड्या रोग्यांसाठीं एखाद्या मोठ्या शहरांत ७१ व्या कलमाखालीं देखरेखीचा एक लहानसा प्रयोग व्हावा. मात्रा दवाखान्यांतच घेतली जावी, तिच्या विक्रींत कोणाचा पैचाहि नफा नसावा, आणि हिशेब दरवर्षीं जनतेपुढें यावा. आंकडे आमच्याविरुद्ध गेले तर प्रयोग बंद करावा. आम्ही याच पृष्ठांवर आपली चूक कबूल करूं. उघड्या दुकानांचा पुरस्कार आम्ही करीत नाहीं. स्विस मतदारांनींहि तो केला नाहीं. 'व्यसनमुक्त तरुण' या नांवाखालीं असे उपचार आवळूं पाहणारी सूचना त्यांनीं १९९७ सालीं शेंकडा सत्तर मतांनीं फेंकून दिली, सर्व मादक पदार्थ खुले करण्याची सूचना १९९८ मध्यें शेंकडा चौऱ्याहत्तर मतांनीं फेंकून दिली, आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजीं देखरेखीचा वैद्यकीय पुरवठा मात्र शेंकडा अडुसष्ट मतांनीं कायद्यांत कायम केला. गवळी, घड्याळजी आणि पेढीवाले यांच्या त्या देशानें दोन्ही टोंकें नाकारून मधला मार्ग धरला, तो कांहीं व्यसनाच्या प्रेमानें नव्हे. आपल्या उद्यानांत आपलींच मुलें मरतांना त्यांनीं पाहिलीं होतीं.

आमच्या विद्यार्थ्याचे वडील पुन्हां एकदां भेटले तेव्हां त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. "साहेब, तो घरीं बसून रोज मोजकें विष घेत राहिला असता, तरी संध्याकाळीं ताटावर बसला असता," एवढेंच ते म्हणाले. आम्ही इतकीं वर्षें मुलांस तर्कशास्त्र शिकविलें. पण या वाक्यास आम्हांस अद्याप उत्तर सुचलेलें नाहीं. ज्या वाचकांस सुचेल त्यांनीं तें कळवावें, म्हणजे आम्ही आमचें मत बदलण्यास तयार आहों.